पाहुण्या फौजेचा हिशेब : माहुली, वसई आणि तीन प्रश्न

१/
आसनगाव स्थानकात उतरले की शहापूरच्या मागे माहुलीचे कडे दिसू लागतात. पळसगड, माहुली आणि भंडारगड अशा तीन लगतच्या डोंगरांचा हा दुर्गसमूह. सुटीच्या दिवशी येथे येणारे तरुण सुळके पाहतात, छायाचित्रे काढतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. याच डोंगराभोवती इतिहासातील एक अवघड प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला : मित्राची फौज आपल्या भूमीत आली, तर ती मित्राची कधीपर्यंत राहते?

२/
हा प्रश्न येथेच का उद्भवावा, याचे उत्तर भूगोलात आहे. शहापूरच्या ईशान्येस कसाऱ्याचा थळ घाट नाशिककडे चढतो. मुरबाडच्या पूर्वेस नाणेघाट आणि माळशेज जुन्नरच्या पठारावर नेतात. कल्याणच्या बंदरातील माल सातवाहनांच्या काळापासून या वाटांनी देशावर जात असे. ज्याच्या हाती हे घाट, त्याच्या हाती बंदर आणि पठार यांना जोडणारी दोरी. म्हणूनच निजामशाही, मोगल, आदिलशाही, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज या सर्वांच्या हिशेबात या दोन तालुक्यांचा डोंगराळ मुलूख सतत येत राहिला.

३/
परक्या लष्करी तळांवरील आजचे वाद ऐकताना विचारवंत बहुधा युरोप किंवा जपानची उदाहरणे देतात. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात या प्रश्नाचा पुरेसा अनुभव साठलेला आहे. त्या अनुभवातून तीन साधे प्रश्न निघतात. फौजेचा खर्च कोण देतो? तिच्यावर हुकूम कोणाचा चालतो? आणि तिला ‘आता जा’ असे म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे? पुढील प्रत्येक प्रसंग या तीन प्रश्नांवर घासून पाहावा.

४/
प्रसंग पहिला : १६३६. तीन वर्षांपूर्वी दौलताबाद पडल्यावर शहाजीराजांनी पेमगिरी येथे निजामशाही घराण्यातील एका बालकाला, मुर्तझाला, गादीवर बसवून बुडते राज्य सावरले होते. या उद्योगात त्यांना आदिलशाहीचे साहाय्य होते. विजापुरास मोगलांची भीती वाटत होती. मध्ये निजामशाही उभी राहिली, तर विजापूर सुरक्षित राहील, असा तो हिशेब होता. मैत्री खरी होती, पण ती गरजेवर उभी होती.

५/
१६३६ च्या आरंभी शाहजहान स्वतः दख्खनेत उतरला आणि हिशेब बदलला. मे महिन्यात मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह झाला. निजामशाहीचा मुलूख दोघांनी वाटून घ्यावा आणि शहाजीराजांनी आपल्याकडील किल्ले मोगलांना दिल्याशिवाय विजापूरने त्यांना चाकरीत घेऊ नये, असे त्यात ठरले. कालचा साहाय्यकर्ता आज शत्रूच्या बाजूला उभा होता. शहाजीराजांनी माहुलीचा आश्रय घेतला. मोगलांकडून खानजमान आणि विजापूरकडून रणदुल्लाखान असा दुहेरी वेढा पडला.

६/
पोर्तुगीजांकडे आश्रयाची विचारणा झाली होती, पण दोन बलाढ्य सत्तांचा रोष पत्करण्यास ते तयार नव्हते. १६३६ च्या अखेरीस माहुली खाली झाली. बाल मुर्तझा मोगलांच्या हाती गेला, शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले आणि निजामशाही संपली. माहुलीचा पहिला धडा कठोर आहे : दोन मोठ्या सत्तांच्या मधल्या राज्याचे संरक्षण जर दुसऱ्याच्या गरजेवर अवलंबून असेल, तर ती गरज संपताच ते संरक्षणही संपते.

७/
प्रसंग दुसरा : ११ जून १६६५, पुरंदरचा तह. शिवाजी महाराजांनी मिर्झाराजे जयसिंगांना २३ किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख दिला. त्या किल्ल्यांत माहुली होती. शिवाय विजापूरविरुद्धच्या मोहिमेत मोगलांना साथ देण्याचे बंधनही होते. कागदावर हाही मैत्रीचाच तह. माहुलीवर मोगली शिबंदी बसली. १६७० च्या आरंभी मराठ्यांचा पहिला हल्ला किल्लेदार मनोहरदास गौड याने परतवला. परंतु त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी गड घेतला.

८/
पाच वर्षांत गड परत का मिळू शकला? कारण पुरंदरच्या तहाने मुलूख गेला, तरी बारा किल्ले आणि स्वतःची फौज महाराजांकडे राहिली. परकी शिबंदी दिलेल्या गडांवर बसली, राजगडावर नाही. तिचा खर्च मोगलांचा, हुकूम मोगलांचा. तिला घालवण्याचे बळ मात्र महाराजांनी कोणाच्या स्वाधीन केले नव्हते. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी स्वतःच्या मुठीत राखले होते. पुढच्या शतकात हीच मूठ सैल झाली.

९/
प्रसंग तिसरा : मार्च १७७५, सुरतेचा तह. पेशवेपदासाठी घरच्यांशी भांडणाऱ्या रघुनाथरावांनी मुंबईकर इंग्रजांकडून सुमारे २,५०० सैनिकांची मदत मागितली. मोबदल्यात वसई आणि साष्टी देण्याचे कबूल केले, फौजेचा खर्च अंगावर घेतला आणि तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवले. ठाण्याचा किल्ला तर इंग्रजांनी आधीच, डिसेंबर १७७४ मध्ये घेतला होता. घरच्या भांडणासाठी बाहेरची फौज बोलावण्याचा हा प्रयोग त्या वेळी फसला. पण १७८२ च्या सालबाईच्या तहानंतरही साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

१०/
याच्या अगदी उलट उदाहरण १७९० चे. टिपू सुलतानाविरुद्ध पेशवे, निजाम आणि इंग्रज यांची युती झाली. कॅप्टन लिटलच्या हाताखालील मुंबईच्या पलटणी परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबर धारवाडच्या वेढ्यात लढल्या. १७९२ मध्ये तह झाला आणि त्या पलटणी परत गेल्या. हेतू ठरलेला, मुदत ठरलेली, शत्रू ठरलेला. नाना फडणवीस इंग्रजांशी युती करण्यास तयार होते. कायमची इंग्रजी फौज पदरी घेण्यास मात्र ते अखेरपर्यंत तयार झाले नाहीत. युती आणि तळ यांतील भेद त्यांना पुरता ठाऊक होता.

११/
तो भेद पुसला गेला, तर काय होते, हे हैदराबादेत दिसत होते. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. इंग्रज मदतीस आले नाहीत. घाबरलेल्या निजामाने सप्टेंबर १७९८ मध्ये तैनाती फौजेचा करार केला. पुढच्याच महिन्यात त्याची फ्रेंच अधिकाऱ्यांच्या हाताखालील कवायती फौज मोडण्यात आली. प्रारंभी खर्च रोख द्यायचा होता. १८०० मध्ये रोख रकमेऐवजी मुलूखच तोडून द्यावा लागला. पगाराचे रूपांतर प्रदेशात झाले. त्याच वर्षी १३ मार्चला पुण्यात नाना फडणवीसांचे निधन झाले.

१२/
प्रसंग चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव कोकणात उतरला आणि समुद्रमार्गे डिसेंबरमध्ये वसईस पोहोचला. ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तेथे इंग्रजांशी तह केला. ज्या वसईसाठी चिमाजी आप्पांच्या सैनिकांनी १७३९ मध्ये रक्त सांडले, त्याच वसईत त्यांच्या नातवंडाच्या पिढीने संरक्षणाची सही केली.

१३/
तहाची कलमे तीन प्रश्नांच्या उजेडात वाचावीत. खर्च : किमान ६,००० पायदळ आणि तोफखाना पेशव्यांच्या राज्यात कायमचा राहील; त्यासाठी वार्षिक २६ लाख उत्पन्नाचा मुलूख पेशवे देतील. हुकूम : फौज कंपनीची, अधिकारी कंपनीचे. परराष्ट्रव्यवहार कंपनीला विचारून होईल, इंग्रजांच्या शत्रुराष्ट्रातील युरोपियनांना चाकरीत ठेवता येणार नाही, निजाम आणि गायकवाड यांच्याशी असलेल्या वादांत इंग्रज मध्यस्थी करतील. आणि ‘जा’ म्हणण्याचा अधिकार? त्यासाठी तहात जागाच नव्हती.

१४/
बाजीराव मूर्ख होता म्हणून हे घडले, असे म्हणणे सोपे आहे. त्याची अडचण खरी होती. राजधानी गेली होती, सरदार आपसांत लढत होते आणि जीव वाचवणे हीच तातडी होती. इंग्रजी फौजेने १३ मे १८०३ रोजी त्याला पुन्हा पुण्याच्या मसनदीवर बसवले, म्हणजे दिलेला शब्द पाळला. दोष आणखी खोल होता. संपूर्ण मराठा राज्यावर परिणाम करणारा निर्णय एका संकटग्रस्त माणसाने, शिंदे-भोसल्यांना न विचारता, साताऱ्याच्या छत्रपतींना न विचारता घेतला. त्याचे प्रायश्चित्त १८०३ च्या युद्धात, असईसारख्या रणांगणांवर इतरांनी घेतले.

१५/
या तहावर वाद झाला, तो मात्र लंडनमध्ये. भारतात राज्य वाढवण्याच्या मोहिमा ब्रिटिश राष्ट्राच्या इच्छेविरुद्ध आहेत, असे ब्रिटिश संसदेच्या कायद्यातच लिहिलेले होते. नियामक मंडळाचे अध्यक्ष लॉर्ड कॅसलरे यांनी १८०४ मध्ये वसईच्या तहावर टीकात्मक टिपण लिहिले : या करारामुळे कंपनी मराठ्यांच्या भांडणांत कायमची अडकेल, असा त्यांचा आक्षेप होता. आर्थर वेलस्ली यांनी त्याला सविस्तर उत्तर दिले. फौज पाठवणाऱ्या देशात चर्चा, फौज झेलणाऱ्या देशात शांतता. हे असंतुलन पुढेही अनेक ठिकाणी दिसते.

१६/
प्रसंग पाचवा शहापूर-मुरबाडच्या दारात येतो. वसईच्या तहानुसार युद्धप्रसंगी पेशव्यांनी स्वतःची फौजही पुरवायची होती. पुरवणी कराराने तिचा आकडा ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळ असा झाला. जुलै १८१५ मध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री यांचा पंढरपुरात खून झाला. आरोप पेशव्यांचे विश्वासू त्रिंबकजी डेंगळे यांच्यावर आला. इंग्रजांनी त्यांना ठाण्याच्या किल्ल्यात कैद केले. १२ सप्टेंबर १८१६ रोजी त्रिंबकजी तेथून निसटले.

१७/
रेसिडेंट एल्फिन्स्टन यांनी मे १८१७ मध्ये निर्वाणीचा खलिता दिला : त्रिंबकजींना एका महिन्यात स्वाधीन करा आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड तारण द्या. पुण्याभोवती वेढा पडला. तो घालणारी फौज बाहेरून आलेली नव्हती. पेशव्यांच्या संरक्षणासाठी, पेशव्यांच्या मुलखाच्या उत्पन्नावर पंधरा वर्षे पोसलेली तीच तैनाती फौज होती. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे वेगवेगळ्या हातांत गेली, म्हणजे खर्च एकाचा आणि हुकूम दुसऱ्याचा झाला, की रक्षक आणि वेढा घालणारा यांत फक्त एका आदेशाचे अंतर उरते.

१८/
१३ जून १८१७ रोजी पुण्याचा तह झाला. पेशव्यांची ५,००० घोडदळ आणि ३,००० पायदळाची जबाबदारी आता कंपनी पार पाडणार होती. खर्चासाठी पेशव्यांनी ३४ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यायचा होता. त्या मुलखात बेलापूर, कल्याण आणि त्यांच्या उत्तरेस सह्याद्री व समुद्र यांमधील गुजरातपर्यंतचा सारा प्रदेश आला. माहुली गेली, मुरबाड गेले, घाटांचे पायथे गेले. येथे एकही लढाई झाली नाही. हा मुलूख दुसऱ्याच्या फौजेच्या पगारात वळता झाला.

१९/
अवघ्या दोन महिन्यांनी, १२ ऑगस्ट १८१७ रोजी, कंपनीचेच अधिकारी थॉमस मन्रो यांनी गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यांना एक पत्र लिहिले. तैनाती फौजेच्या पद्धतीवरील हे बहुधा सर्वांत भेदक परीक्षण. त्यांचे म्हणणे असे : वाईट राजाला बदलण्याचे उपाय म्हणजे दरबारातील उलथापालथ, बंड किंवा परचक्र. परकी फौज राजाला या सर्वांपासून वाचवते. त्यामुळे राजाला प्रजेची भीती उरत नाही, कारभार जुलमी होतो आणि समाजातील कर्तृत्व सुकते. परकी फौज देशाला बाहेरून तर बांधतेच, आतून राज्यकर्त्याला बेजबाबदारही करते.

२०/
तहाची किंमत सर्वांत जास्त कोणी दिली? ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, जून १८१८ मध्ये बाजीराव शरण आला आणि वार्षिक आठ लाखांची पेन्शन घेऊन ब्रह्मावर्तास गेला. त्याच वर्षी कॅप्टन डिकिन्सन उत्तर कोकणातील किल्ल्यांची पाहणी करत होता. गडांवरच्या शिबंद्या कमी झाल्या. सह्याद्रीच्या दोन्ही उतारांवर गड आणि घाट राखणाऱ्या महादेव कोळी नाईकांचा मान आणि उपजीविका दोन्ही गेली. १८२८ च्या सुमारास उठाव सुरू झाले. राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. पेन्शन धन्याला मिळाली, फास राखणदाराला.

२१/
पुढचा प्रसंग मुरबाड तालुक्यातील सिद्धगडाचा. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हॉइसरॉयने भारतीय प्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात उतरल्याची घोषणा केली. मुंबई प्रांताचे बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ इतर काँग्रेस मंत्रिमंडळांप्रमाणे बाहेर पडले. युद्ध लोकशाहीसाठी आहे, असे सांगितले जात होते; पण ज्यांच्या भूमीतून ते लढवले जात होते, त्यांना मत नव्हते. माथेरानचे वकील विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ च्या पहाटे सिद्धगडावर भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

२२/
सिद्धगडाचा अर्थ सावधपणे लावावा लागतो. फॅसिझमविरुद्धची आघाडी जगाच्या दृष्टीने आवश्यक होती, हे त्या काळच्या अनेक भारतीय नेत्यांनाही मान्य होते. आक्षेप आघाडीच्या हेतूवर कमी, संमतीच्या अभावावर अधिक होता. योग्य कारणासाठी केलेली युतीही, ज्यांच्या नावावर ती केली त्यांना विचारले नसेल, तर अन्याय्य ठरू शकते. लोकशाहीतील लष्करी करारांचा विचार येथून सुरू होतो.

२३/
दुसऱ्या महायुद्धानंतर बाजू खरोखर बदलली. लोकशाही राष्ट्रांनी स्वेच्छेने परके तळ स्वीकारले. त्यामागे तर्क आहे : लहान देशाला एकट्याने मोठ्या शेजाऱ्याला रोखता येत नाही, मित्राची फौज दारात असेल, तर आक्रमक दोनदा विचार करतो. आणि ‘जा’ म्हणता येते, याचा पुरावाही आहे. १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी नाटोच्या परक्या फौजांना देश सोडण्यास सांगितले. पुढील वर्षी त्या गेल्या आणि फ्रान्स आघाडीचा सदस्यही राहिला. बाजीरावाला हे स्वप्नातही शक्य नव्हते.

२४/
१६ सप्टेंबर १९९१ रोजी फिलिपीन्सच्या सेनेटने अमेरिकी तळांची मुदत वाढवणारा करार १२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळला. पुढील वर्षी सुबिक बेचा नाविक तळ रिकामा झाला. मतदानाने महासत्तेचे आरमार परत गेले. पुढे दक्षिण चिनी समुद्रातील ताण वाढला आणि २०१४ मध्ये त्याच देशाने अमेरिकी सैन्याला आपल्या तळांवर ये-जा करू देणारा नवा करार केला. दोन्ही निर्णय वादग्रस्त होते. पण ते उलटवता येणारे होते, आणि खरा फरक हाच आहे.

२५/
मात्र लोकशाही असली म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. जपानच्या एकूण भूमीच्या एक टक्क्याहूनही कमी भाग असलेल्या ओकिनावात, केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी राखलेल्या जपानमधील जागेपैकी सुमारे ७० टक्के जागा आहे. फेब्रुवारी २०१९ च्या सार्वमतात तेथील सुमारे ७२ टक्के मतदारांनी हेनोको येथील नव्या तळासाठीच्या भरावास विरोध केला. काम थांबले नाही. देशाने होकार दिला, गावाने नकार दिला. ओझे गावाच्या डोक्यावर राहिले. १८१७ चे मुरबाड हे दृश्य ओळखेल.

२६/
स्वतंत्र भारताने परके तळ नाकारले, तरी वाद टळला नाही. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या वेळी अमेरिकी लष्करी विमानांना मुंबईत इंधन भरू देण्यात आले. हे उघड होताच गदारोळ झाला. चंद्रशेखर सरकारला बाहेरून पाठिंबा देणाऱ्या राजीव गांधींनी आक्षेप घेतला आणि फेब्रुवारीत ती सोय थांबली. केवळ इंधनावरून एवढा वाद कशासाठी, असे कोणाला वाटेल. ज्या प्रदेशात ‘तैनाती फौज’ हा शब्द शाळेच्या पुस्तकातून शिकवला जातो, तेथे हा संशय अकारण म्हणता येत नाही.

२७/
आरशात स्वतःलाही पाहावे लागते. जुलै १९८७ च्या करारानंतर भारताची शांतिसेना श्रीलंकेत गेली. दोन्ही देश लोकशाही, करार दोन निर्वाचित सरकारांतला. तरीही लवकरच तमिळ बंडखोरांशी युद्ध पेटले आणि सिंहली जनमतही विरोधात गेले. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी १९८९ मध्ये फौज परत नेण्याची मागणी केली. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. तोवर हजाराहून अधिक भारतीय जवानांना प्राण गमवावे लागले होते. हेतू चांगला असला, तरी दुसऱ्याच्या अंगणात आपली फौज तेथील लोकांना परकीच वाटते.

२८/
२९ ऑगस्ट २०१६ रोजी संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी वॉशिंग्टनमध्ये अमेरिकेशी लष्करी रसद-विनिमयाचा करार केला. इंधन, अन्न, दुरुस्ती यांची परस्परांना सोय आणि त्याची भरपाई, असे त्याचे स्वरूप. यात तळ उभारण्याची तरतूद नाही आणि संयुक्त कारवाईचे बंधनही नाही, हे सरकारला आवर्जून सांगावे लागले. टीकाकारांना त्यात घसरगुंडीची पहिली पायरी दिसली, समर्थकांना काळाची गरज. तीन प्रश्न लावले, तर खर्च वापरणाऱ्याचा, परवानगी यजमानाची, आणि नकाराचा अधिकार राखलेला. वसईपासून हे अंतर मोठे आहे. ते मोठेच राहावे, यासाठी लक्ष ठेवणे हे नागरिकांचे काम.

२९/
वसईचा तह आणि आजचे करार एकच आहेत, असे म्हणणे अनैतिहासिक ठरेल. कंपनी ही व्यापारी सत्ता होती, पेशवा मतदारांना उत्तरदायी नव्हता आणि त्या काळी राष्ट्रांच्या समानतेची भाषाही नव्हती. पण ‘ते जुने, हे नवे’ असे म्हणून मोकळे होणेही तितकेच चुकीचे. संकटाच्या घाईत केलेला करार, रोखीऐवजी दिलेला मुलूख, मुदत न घातलेले कलम आणि ज्यांच्या गावात परिणाम होणार त्यांना न विचारलेला प्रश्न, ही चार लक्षणे कोणत्याही शतकात सारखीच धोकादायक असतात.

३०/
पुढच्या वेळी माहुली चढताना एवढे आठवावे. १६३६ मध्ये हा गड मित्र उलटल्यामुळे गेला. १६६५ मध्ये तो तहात गेला, पण स्वतःची फौज शाबूत होती म्हणून पाच वर्षांत परत आला. १८१७ मध्ये तो मित्राच्या फौजेच्या खर्चापोटी गेला, आणि तो परत मिळण्यास १३० वर्षे लागली. तिन्ही वेळा गड तोच, कडे तेच, पायथ्याची गावे तीच. बदलले ते केवळ एक : ‘आता जा’ असे म्हणण्याचे बळ त्या दिवशी कोणाजवळ होते.